विश्वजित् यज्ञ आणि खाणीखालचे पाणी

सर्वस्वाचे दान करायला निघालेल्या राजाला पृथ्वीही देऊन टाकता येते का, असा प्रश्न जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात चर्चेला आला आहे. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान असल्यामुळे सर्वस्वात कशाकशाचा समावेश होतो हे ठरवणे मीमांसकांना भाग होते. आईवडील ‘आपले’ असले तरी त्यांच्यावर माणसाची मालकी चालत नाही, म्हणून ते देता येत नाहीत, हे त्यांनी आधी निश्चित केले आणि मग पृथ्वीचा विचार करताना, ती सर्वांना सारखीच असल्याने ती देण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा निर्णय दिला. शबरस्वामींच्या भाष्यात याचा खुलासा असा येतो की, शेताचा धनी असू शकतो, अख्ख्या भूमंडळाचा असू शकत नाही, आणि सार्वभौम राजाचे वैशिष्ट्य एवढेच की भूमीवर पिकणाऱ्या धान्याचे तो रक्षण करतो व त्या रक्षणापोटी उत्पन्नाचा वाटा घेतो. डोंगरातील खाणीभोवतालच्या पाण्याचे रक्षण हा विषय सामान्यपणे भूगर्भशास्त्र, अभियांत्रिकी आणि कायदा यांच्या हवाली केला जातो. पण खाणपट्टा देताना राज्यसंस्था नेमके काय देते आणि ते देण्याजोगे असते काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जैमिनीच्या प्रश्नाच्याच जातीचा आहे. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींच्या आधारे त्याचा विचार करणे सोयीचे ठरते, कारण भूगर्भाची रचना, देवधर्म आणि मालकीहक्काचा इतिहास हे तिन्ही तेथे एकाच डोंगरात एकत्र आले आहेत.

गोव्याच्या पूर्वेकडील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि अलीकडे सांग्यातून वेगळा झालेला धारबांदोडा या तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगररांगांमधून, लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे गेला आहे. या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्याचा थर असतो. जांभा सच्छिद्र असल्याने वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पडणाऱ्या पावसाचा बराचसा भाग तो पोटात घेतो, आणि पाणी सहसा झिरपू न देणाऱ्या खालच्या चिकण थराशी पोहोचल्यावर ते पाणी डोंगराच्या कुशीतून झरीच्या रूपाने बाहेर पडते. त्याहूनही खाली, पट्टेदार लोहखडकाची युगानुयुगे झीज होऊन तयार झालेले भुकटीसारखे खनिज असते, ज्याच्या एका प्रकाराला खाणीवरचे लोक ‘ब्लू डस्ट’ म्हणतात. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठवण्याचा आणि ते पुढे वाहू देण्याचा गुण या भुकटीत भरपूर असल्याने भूजलपातळीखाली ती पाण्याने पूर्ण भिजलेली असते. भूजलशास्त्र ज्याला जलधर म्हणते, म्हणजे पाणी साठवून ते विहिरीला वा झऱ्याला पुरवू शकणारा खडकाचा किंवा मातीचा थर, तो येथे खुद्द खनिजाचाच बनलेला आहे. न्यायवैशेषिकांच्या भाषेत बोलायचे तर खनिज हा आधार आणि पाणी हे आधेय, म्हणजे त्यावर टेकलेली वस्तू. आणि आधार उचलून नेला तर आधेयाला हात लावला नाही असे म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. खाणमालकाच्या हिशेबातले द्रव्य आणि गावाच्या विहिरीचा आधार ही एकाच वस्तूची दोन वर्णने आहेत, आणि गोव्याच्या खाणींचा नैतिक पेच बव्हंशी या भूगर्भीय वस्तुस्थितीतून निघतो.

खाणीचा खंदक भूजलपातळीच्या खाली गेला की आसपासचे पाणी त्यात उतरू लागते आणि काम चालू ठेवायचे तर ते रात्रंदिवस उपसून बाहेर टाकावे लागते. गोव्यातल्या अनेक खंदकांचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे. अशा उपशाने भूजलाची पातळी खंदकाभोवती उलट्या शंकूच्या आकारात खचते, आणि त्या शंकूच्या कडेला असलेली विहीर कोणी तिच्यात हातही न घालता आटते. भूपृष्ठावरच्या पाण्याची कथा वेगळी आहे. एक टन खनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती काढावी लागते, आणि उतारावर रचलेल्या तिच्या ढिगांवर जूनचा पहिला जोरदार पाऊस कोसळला की तांबडा गाळ ओहोळातून व्हाळात, व्हाळातून खांडेपार, कुशावती यांसारख्या नद्यांत आणि सखल भागातल्या भातशेतीत उतरतो. शेतात साचलेला हा बारीक गाळ उन्हाने वाळला की त्याचा कडक पापुद्रा धरतो, त्याखाली मुळांना हवा मिळत नाही, आणि गाळ उपसून काढल्यावरही शेताचा मूळ कस परत यायला काही हंगाम जातात. गंधकयुक्त खनिजांच्या खाणींतून, म्हणजे तांबे, सोने किंवा काही ठिकाणी कोळसा यांच्या खाणींतून, आम्लधर्मी पाणी झिरपते आणि त्याबरोबर विषारी धातू वाहून येतात, ते संकट गोव्याच्या ऑक्साइड स्वरूपाच्या लोहखनिजात सहसा उद्भवत नाही. तेथील संकट गाळाचे, लोह व मँगनीजच्या वाढत्या अंशाचे आणि मुख्यतः पाणी नाहीसे होण्याचे आहे. झरीच्या पाण्यावर पोफळी, माड, केळी आणि मिरवेल एकत्र वाढवणारी कुळागरे आणि हिवाळी भाताची वायंगण शेती ही दोन्ही डोंगराने पावसाळ्यात घेतलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत थोडेथोडे सोडत राहावे या एकाच गृहीतकावर उभी असल्याने, झर पंधरा दिवस आधी आटली तरी त्यांचे गणित चुकते.

या संकटाला धर्माकडे एक तयार उत्तर आहे आणि ते पावित्र्याचे आहे. डिचोली तालुक्यातील शिरगाव हे लईराई देवीचे गाव. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड हातात वेताची काठी घेऊन तळीत स्नान करतात आणि मग होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. अग्नीच्या या दिव्याला पाण्याची साथ वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत लागते, म्हणजे भूजलाची पातळी ज्या काळात आपसूकच तळाला गेलेली असते त्याच काळात देवीचे विधी गावाच्या पाण्याची परीक्षा घेतात. याच शिरगावाला खाणपट्ट्यांनी वेढले आणि विहिरी व झरी आटल्याची तक्रार गावकऱ्यांना न्यायालयापर्यंत न्यावी लागली. गोव्याच्या गावोगावी पुजली जाणारी सातेरी ही भूमिदेवता तर वारुळाच्या रूपातच असते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या ‘दकार्गल’ या प्रकरणात भूमिगत पाणी शोधण्याची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत वारुळाला मोठे स्थान आहे: जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागते, असे तो सांगतो, येथे पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सातेरीची पूजा पाण्याच्या या ज्ञानातूनच निघाली असे सिद्ध करता येत नाही, पण वारुळाकडे जमिनीखालच्या ओलाव्याची खूण म्हणून पाहणारे शास्त्र आणि त्याच वारुळापुढे हात जोडणारी श्रद्धा एकाच उपखंडात शेजारीशेजारी नांदत होती, इतके निश्चित म्हणता येते. सत्तरीतील बांबर गावच्या निरंकाराच्या राईत रानजायफळीच्या जातीच्या झाडांची दुर्मीळ गोड्या पाण्याची दलदल आजवर टिकून राहिली ती वनखात्यामुळे नव्हे. ती देवाची राई आहे या एका भावनेमुळे.

असे असले तरी पावित्र्याचे उत्तर भूजलाच्या बाबतीत तीन ठिकाणी अपुरे पडते. पहिली उणीव सीमेची आहे. देवराईला हद्द असते, तळीला काठ असतो, मंदिराला आवार असते. जलधराला मात्र गावाची किंवा देवाची हद्द ठाऊक नसते, आणि राईतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता, दूरच्या खंदकातल्या पंपाने तिच्याखालचे पाणी ओढून नेता येते. पवित्र जागा वगळून उरलेली जागा खणायला मोकळी, असा तोडगा म्हणूनच भूजलापुरता पोकळ ठरतो. दुसरी उणीव अशी की, विधीच्या दृष्टीने शुद्ध आणि वस्तुतः स्वच्छ या दोन भिन्न कोटी आहेत. जे पाणी स्वभावतःच पावन मानले जाते ते मलिन होऊच शकत नाही अशी समजूत दृढ झाली की त्यात काय मिसळते आहे याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि भारतातल्या सर्वांत पूज्य नद्यांची अवस्था याला साक्ष आहे. मनुस्मृतीत पाण्यात मलमूत्र, रक्त वा विष टाकू नये असा स्पष्ट निषेध असूनही तो निषेध करणारा समाज आणि नदीची आरती करणारा समाज एकच असल्याने या विसंगतीकडे सहसा लक्ष जात नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासाला ती टाळता येण्यासारखी नाही. पाण्याच्या पावित्र्याची कल्पना या देशात पाण्याच्या रक्षणापेक्षा माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी अधिक कडकपणे वापरली गेली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्याल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. गुरेढोरे ज्या पाण्याला तोंड लावत होती ते माणसाच्या ओंजळीने विटाळते असे मानणारी शुद्धीची कल्पना पाण्याची राखणदार होऊ शकत नाही. खाणीच्या गाळाविरुद्ध पावित्र्याचा आधार घेणाऱ्याला महाडच्या या प्रसंगाला उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर पावित्र्याच्या चौकटीत सापडत नाही.

पावित्र्याचा दावा सर्वांत बलवान रूपात पुढे आला तो ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात, आणि तेथेही त्याचे बळ कोठून आले हे पाहण्यासारखे आहे. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत पसरलेल्या या डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइटचा थर आहे. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यातून उतरणारे ओढे डोंगरिया कोंध लोकांच्या वस्त्यांना पाणी देतात, तर डोंगराचा माथा हे त्यांच्या नियमराजाचे स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी या लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तेथे देव एखाद्या आवारात राहत नव्हता, सारा डोंगरच त्याचा होता. त्यामुळे श्रद्धेची हद्द आणि जलधराची हद्द जवळजवळ जुळली. शिवाय निर्णय पुजाऱ्याने दिला नाही, सभेने दिला, ज्या सभेत डोंगराच्या पाण्यावर जगणारा प्रत्येक प्रौढ माणूस समान हक्काने बसू शकत होता. म्हणजे नियमगिरी वाचली ती पवित्र होती म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. ती सर्वांची होती आणि सर्वांना विचारले गेले, हे उरलेले अर्धे. हे दुसरे अर्धे पावित्र्यापेक्षा वेगळ्या तत्त्वावर उभे आहे, आणि त्याला सामाईकपणाचे तत्त्व म्हणता येईल.

सामाईकपणाचे हे तत्त्व धर्मशास्त्राला अपरिचित नाही, किंबहुना जैमिनीने पृथ्वी देण्यास दिलेला नकार हेच त्याचे शुद्ध रूप आहे. तळे, विहीर, धर्मशाळा यांसारख्या लोकोपयोगी कामांना स्मृतिकार पूर्त म्हणतात आणि अशी वस्तू लोकांना अर्पण करण्याच्या विधीला उत्सर्ग म्हणतात. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला भेद उलगडून दाखवला आहे: दानात दात्याची मालकी संपून घेणाऱ्याची सुरू होते, उत्सर्गात दात्याची मालकी संपते पण दुसऱ्या कोणा एकाची सुरू होत नाही, वस्तू सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळी होते, आणि स्वतः दाताही त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो तो सर्वांपैकी एक म्हणून. मालकी नाही पण मर्यादा आहे, धनी नाही पण राखण आहे, अशी ही स्थिती. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला तो या अर्थाने शास्त्राच्या शब्दाला शास्त्र मानणाऱ्या समाजापेक्षा अधिक जवळचा होता. पाणी मलिन करण्याच्या निषेधापलीकडे जाऊन मनुस्मृतीचा नववा अध्याय आणखी एक अपराध सांगतो: पूर्वीपासून असलेल्या तळ्याचे पाणी पळवणे आणि त्या तळ्यात पाणी येण्याचा मार्ग तोडणे, या दोहोंना तेथे सारखाच दंड आहे. पंपाने भूजल खेचून घेणारी खाण विहिरीतून एक घागरही उचलत नाही, ती विहिरीकडे येणारे पाणी वाटेतच तोडते. आणि ‘आमच्या पट्ट्याच्या हद्दीबाहेर आम्ही काहीच केले नाही’ हा युक्तिवाद जुन्या स्मृतिकारानेही मान्य केला नसता.

खनिजावर राजाचा हक्क मात्र याच परंपरेने मान्य केला आहे, आणि प्रामाणिक विवेचनात ही बाजू झाकून चालणार नाही. कौटिल्य खाणींना राज्याच्या कोशाचे मूळ मानतो आणि त्यांच्यासाठी आकराध्यक्ष नावाचा अधिकारी नेमतो. मनूही भूमीतील धातूंचा अर्धा वाटा राजाला देतो, पण त्यासोबत कारण सांगतो की राजा रक्षण करतो. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ पुढे मुंबई इलाख्यात प्रमाण मानला गेला. त्यातही असाच निष्कर्ष आहे की, जिंकल्याने राजाला करवसुलीचा अधिकार मिळतो, शेतांची मालकी मिळत नाही, आणि राजाने गाव दान दिले याचा अर्थ त्या गावचे उत्पन्न दिले एवढाच होतो. या साऱ्या विधानांचा धागा एकच आहे: राज्यसत्तेचा वाटा हा रक्षणाचा मोबदला आहे, मालकीचे फळ नाही. जो हक्क रक्षणातून उगवतो तो रक्षण थांबले की सुकतो, आणि ज्याचे रक्षण करायचे त्याचाच नाश करून तो हक्क वसूल करता येत नाही.

गोव्यातील खाणींचा कायदेशीर इतिहास या कसोटीवर तपासून पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज राजवटीने १९०६ च्या खाणकायद्यान्वये दिलेल्या सवलती मुदतीने बांधलेल्या नव्हत्या, त्या कायमच्या होत्या. म्हणजे जैमिनीने जे देता येत नाही म्हटले त्याच्या बरेच जवळचे काही तेथे देण्यात आले होते. भारतीय संसदेने १९८७ च्या कायद्याने या सवलती रद्द करून त्यांचे २० डिसेंबर १९६१ पासून मुदतबंद खाणपट्ट्यांत रूपांतर केले. निर्यातीचा आकडा २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांवर गेल्यानंतर बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरवून अभयारण्यांच्या व राष्ट्रीय उद्यानांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत नवे पट्टे देण्यास मनाई केली. खनिजविक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमनिधी उभारण्यास सांगताना न्यायालयाने पुढच्या पिढ्यांच्या समान हक्काचे तत्त्व आधाराला घेतले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांची नूतनीकरणेही रद्द झाली. सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धान्त, म्हणजे नदी, समुद्रकिनारा, वन यांसारखी संपत्ती राज्याकडे मालक म्हणून नसून जनतेचा विश्वस्त म्हणून असते हा विचार, बियास नदीचा प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय कायद्याचा भाग म्हणून याआधीच स्वीकारला होता. रोमन कायद्यात त्याचे मूळ शोधले जाते आणि ते योग्यच आहे, पण मीमांसेच्या वाचकाला तो पाहुणा वाटण्याचे कारण नाही. भूजलाच्या बाबतीत मात्र १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याची छाया अजून दाट आहे. निश्चित प्रवाहात न वाहणारे, जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा अधिकार तो कायदा जमिनीच्या मालकाला देतो, आणि पाणी जमिनीसारखेच एका जागी पडून राहणारे असावे असे गृहीत धरतो.

या विचाराविरुद्ध दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की, लोखंडावाचून नांगर नाही, पूल नाही आणि विहिरीवरची मोटरही नाही. शिवाय खाणीवर, ट्रकवर आणि बार्जवर पोट असलेली हजारो कुटुंबे त्याच गावांत राहतात ज्यांच्या विहिरी आटतात, त्यामुळे खाण विरुद्ध गाव अशी सरळ विभागणी खोटी ठरते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर खाणीचा संपूर्ण निषेध हे होऊ शकत नाही. जैमिनीच्या निर्णयातही शेत देता येते, फक्त पृथ्वी देता येत नाही. त्याच न्यायाने भूजलपातळीच्या वरचे खनिज हे वाटून घेण्याजोगे द्रव्य मानायला हरकत नाही, प्रश्न आहे तो जलधरच बनलेल्या खनिजाचा. दुसरा आक्षेप भरपाईचा आहे: विहीर आटली तर टँकर द्यावा, नळ द्यावा, शेताच्या नुकसानीचे पैसे द्यावेत, म्हणजे हिशेब पुरा झाला. पण नळाचे पाणीही कोठून तरी आणावे लागते, आणि दक्षिण गोव्याची तहान भागवणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोट क्षेत्रातच खाणी आहेत. त्याहून मूलभूत अडचण अशी की, घागरीतले पाणी ओतून घेणे वेगळे आणि घागरच विकून टाकणे वेगळे. उपसा थांबला की खंदक पाण्याने भरतो, ते पाणी काही वर्षे शेतीला देताही येते, आणि त्यावरून डोंगराने काही गमावले नाही असा देखावा उभा राहतो. परंतु पावसाळ्यात पाणी गाळून घेऊन उन्हाळाभर ते बेताबेताने सोडणारी भुकटी जहाजातून परदेशी गेलेली असते, आणि उघड्या खंदकातले पाणी झरीचे ते काम करू शकत नाही. धर्मशास्त्र दंड आणि प्रायश्चित्त यांत भेद करते, तो येथे उपयोगी पडतो: दंड राजाकडे भरून अपराधाचा व्यवहार मिटतो, प्रायश्चित्तात मात्र कर्त्याला स्वतः बदलावे लागते आणि बिघडलेले पूर्ववत करण्याचा यत्न करावा लागतो. ज्याची भरपाई होऊ शकत नाही तेथे रक्षण आधी करावे लागते, नंतरचे पैसे कितीही असले तरी ते रक्षणाच्या जागी बसत नाहीत.

वैदिक परंपरेतील ऋणाची कल्पना या ठिकाणी काळाचे परिमाण जोडते. जन्माला येणारा माणूस ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे मानले गेले आणि त्यांपैकी पितरांचे ऋण संततीने फिटते असे सांगितले गेले. म्हणजे मागच्यांकडून घेतलेले कर्ज परत करायचे ते पुढच्यांना. खनिज हे असे एक उसने आहे जे कोणत्याच पिढीने निर्माण केले नाही, आणि भूजल हे असे दुसरे की जे प्रत्येक पावसाळ्यात नव्याने मिळते, पण ते साठवणारा थर शाबूत असेल तरच. कायमनिधीत जमा होणारा पैसा खनिजाचे ऋण काही अंशी फेडू शकेल, कारण खनिज आणि पैसा यांच्यात विनिमय शक्य आहे. झरीचे ऋण पैशात फिटत नाही, कारण पुढच्या पिढीला ती झर त्या पैशाने विकत घेता येणार नाही.

यातून निघणारी कर्तव्ये अमूर्त नाहीत. टाकाऊ मातीच्या ढिगांचा उतार कमी ठेवणे, त्यांच्या पायथ्याशी दगडी बांध घालणे, पाऊस सुरू होण्याआधी गाळ बसवण्याची तळी रिकामी करणे आणि खाणीतले पाणी निवळल्यावाचून व्हाळात न सोडणे ही भूपृष्ठावरच्या पाण्याची राखण झाली, आणि ती कष्टाची असली तरी ज्ञात आहे. भूजलाची राखण खाण सुरू होण्याच्या कित्येक हंगाम आधी सुरू व्हावी लागते: गावातल्या विहिरींची आणि झरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजून ती ग्रामसभेपुढे उघड ठेवली नाही, तर पुढे विहीर आटल्यावर ती खाणीमुळे आटली की कमी पावसामुळे, हा वाद कधीच सुटत नाही आणि त्या संशयाचा फायदा नेहमी उपसणाऱ्याला मिळतो. रक्षणाच्या मोबदल्यात वाटा घेणाऱ्या राज्यसत्तेवरच, आणि तिच्या वतीने खणणाऱ्यावर, पाणी सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचा भार असायला हवा. तहानलेल्याने आपली तहान सिद्ध करावी, ही अपेक्षा विश्वस्ताच्या भूमिकेशी विसंगत आहे.

प्रत्येक खाणपट्ट्याच्या दस्तात चतुःसीमा लिहिलेल्या असतात आणि चारही दिशांना हक्क कोठे संपतो हे त्यात सांगितलेले असते. भूजलपातळी छेदून खणण्यासाठी आज वेगळी परवानगी लागते, म्हणजे खालच्या दिशेलाही काही मर्यादा असल्याचे कायद्याने तत्त्वतः मान्य केले आहे. पण परवानगीने ओलांडता येणारी मर्यादा ही अधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहते, आणि अधिकाऱ्याला ती इच्छा करण्याचा अधिकार कोणी दिला, हाच तर विश्वजित् यज्ञातला प्रश्न आहे. ज्या डोंगरात खनिज हेच गावाच्या पाण्याचे कोठार आहे, तेथे पावसाळा संपतानाच्या भूजलपातळीची रेषा ही पट्ट्याची पाचवी सीमा म्हणून दस्तातच लिहिली जायला हवी, कारण त्या रेषेखालचे काहीही देण्याचा अधिकार देणाऱ्याजवळ मुळातच नाही.